परवानगी येईपर्यंत

हॉलम, आयोवा
१४ ऑक्टोबर २०१३

प्रिय मार्ला,

पाकीट न फोडता परत पाठवलंस तरी मी समजून घेईन. पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगला वर्ष होईल. टर्की अर्धी कापलेली होती आणि मी तुला, माझ्या सख्ख्या बहिणीला, टेबलावरून उठून जायला लावलं. आर्लिन अजून म्हणतो, निदान जेवण तरी होऊ द्यायचंस.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. पहिली म्हणजे मुलं आमची झाली. ऑगस्टच्या सहा तारखेला किन्शासाच्या कोर्टाने निकाल दिला. मेरवेय पाच वर्षांची आहे आणि तिचा भाऊ एग्झोसे दोन वर्षांचा. कायद्याने दोघं आता आमच्या आडनावाची आहेत. आर्लिनने निकालाची प्रत गोठ्यात नेऊन गायींना वाचून दाखवली, हे कुणाला सांगू नकोस.

दुसरी गोष्ट म्हणजे ती येत नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी काँगोच्या सरकारने दत्तक गेलेल्या मुलांना देशाबाहेर जाण्याची परवानगी देणं बंद केलं. आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं अडकली आहेत. मुलं कागदावर इथली आणि अंगाने तिथली. कधी सुरू होईल, कुणी सांगत नाही. दत्तक संस्थेची बाई फोनवर म्हणते, नाताळपर्यंत होईल. कुठल्या नाताळपर्यंत, ते मी विचारलं नाही.

तू त्या दिवशी जे विचारलंस त्याचंही उत्तर देते. कागद माझ्यासमोर आहे. वडील मृत, आई मृत. खाली शिक्का आहे, दोन सह्या आहेत. आता तरी तुझं समाधान व्हावं.

धाकट्याच्या नावाचा अर्थ तुला सांगायचा राहिला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘ज्याच्यासाठीची प्रार्थना ऐकली गेली तो’. चार वेळा पोट रिकामं झालेल्या बाईसमोर असल्या नावाचं मूल येतं तेव्हा तिने काय समजायचं, तूच सांग. चर्चमध्ये उभी राहून मी हे सांगितलं तेव्हा ग्लॅडिस व्हँडरप्लूग रडली. ती स्वतःच्या नवऱ्याच्या दफनाला रडली नव्हती. अर्थात घरी आम्ही त्यांना कॅलेब आणि हॅना म्हणणार आहोत. शाळेत सोपं पडेल.

दर बुधवारी चर्चच्या तळघरात बारा-पंधरा जण जमतात आणि फक्त या परवानगीसाठी प्रार्थना करतात. तू हल्ली चर्चला जातेस की नाही मला माहीत नाही. जात असशील तर त्यांची नावं घे. नसशील तरी घे.

तुझी,
नेल


हॉलम
९ मार्च २०१४

प्रिय मार्ला,

तुझं कार्ड मिळालं. ‘फोटो पाठव’ एवढंच होतं त्यात, पण मी ते फ्रिजवर लावलंय. फोटो सोबत आहेत. निळ्या फ्रॉकमधली मेरवेय. माझ्या मांडीवर जो रडतोय तो एग्झोसे, आणि मागे हात कमरेवर ठेवून हसतेय ती ममा बिबीश.

मी पाच आठवडे किन्शासाला जाऊन आले. शाळेच्या स्वयंपाकघरातून बिनपगारी रजा घेतली. गायी सोडून आर्लिनला निघता येईना. मुलांच्या आश्रमात जागा पुरेना म्हणून यांना ममा बिबीशच्या घरी ठेवलंय. ती विधवा आहे, आश्रमातच काम करते. ननांच्या शाळेत शिकल्यामुळे तिला इंग्रजी येतं. मी पहिल्या दिवशी कपडे धुवायला बसले तर ती खुर्ची टाकून बघत बसली आणि म्हणाली, “तुमच्या देशात बायकांना मनगटं नसतात का?” मग माझ्या हातातून चादर ओढून घेतली. मला ती आवडते. थोडी भीतीही वाटते तिची.

एग्झोसे पहिला आठवडाभर माझा चेहरा दिसला की किंचाळायचा. दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातून आंबा घेतला आणि दूर जाऊन खाल्ला. तिसऱ्यात जवळ बसून खाल्ला. चौथ्या आठवड्यात एका दुपारी तो माझ्या मांडीवर झोपला. माझा पाय बधिर झाला तरी मी हलले नाही. तू तिघं वाढवलीस, तुला यात काही विशेष वाटणार नाही. मी एकेचाळीस वर्षांची आहे, आणि माझ्या अंगावर मूल झोपण्याची ती पहिली वेळ.

मेरवेय रडत नाही, हसतही नाही. रोज सकाळी ती आपला फ्रॉक स्वतः धुते, भिंतीवर वाळवते, अंगात घालते आणि पायरीवर फाटकाकडे तोंड करून बसते. मी येणार हे तिला आधी सांगितलं होतं, म्हणून ती माझी वाट बघायची, असं मी समजते. मी आल्यावरही तिची सवय गेली नाही, एवढंच.

परवानगीच्या ऑफिसात सहा वेळा गेले. तिथले साहेब फार अदबीने वागतात. प्रत्येक वेळी उभे राहतात, हात मिळवतात आणि म्हणतात, “धीर धरा, ममा.” सहाव्या वेळी मी म्हटलं, धीर हा माझ्या गावातला एकमेव उद्योग आहे. ममा बिबीशने त्याचं भाषांतर केलं नाही.

निघायच्या दिवशी एग्झोसे माझ्या उघड्या बॅगेत जाऊन बसला. त्याला खेळ वाटला. गुडघे पोटाशी घेऊन नीट मावला होता. त्याला बाहेर काढायचं काम ममा बिबीशने केलं, कारण मी ते करू शकले नाही. विमानतळाच्या रस्त्यावर मी देवाशी अशा शब्दांत बोलले की ते बुधवारच्या सभेत सांगता येणार नाहीत.

आर्लिन विचारत होता, तुझा रागीट मुलगा अजून फुटबॉल खेळतो का.

नेल


हॉलम
३० नोव्हेंबर २०१४

प्रिय मार्ला,

थँक्सगिव्हिंगला आम्ही दोघंच होतो. अख्खी टर्की करायला नको म्हटलं तर आर्लिनला वाईट वाटलं, म्हणून केली. आता गुरुवारपर्यंत सूप पितोय.

काही बदललेलं नाही. चौदा महिने झाले. काही आयांनी नोकऱ्या सोडून किन्शासालाच बिऱ्हाड केलं. आम्हाला ते जमण्यासारखं नाही. एग्झोसेला जूनमध्ये मलेरिया झाला, नऊ दिवस ताप होता. मला ते तो बरा झाल्यावर कळलं. ती चांगली बातमी म्हणून कळवली होती. माझ्या मुलाच्या नऊ दिवसांत मी शाळेत अडीचशे पोरांना मॅकरोनी वाढत होते.

वाढदिवस आम्ही करतो. केक आणते, मेणबत्त्या लावते, आर्लिन फुंकतो. हसू नकोस. मापाचे कपडे घेणं मी थांबवलंय. दोन वर्षांच्या मुलासाठी घेतलेले कपडे चर्चच्या दानपेटीत टाकले. पुढच्या रविवारी ते तान्या डी व्रीसच्या नातवाच्या अंगावर दिसले.

बुधवारी आता पाच जण येतात. मी कुणाला दोष देत नाही. एकाच वाक्याची प्रार्थना किती दिवस करायची? पास्टर म्हणतात, उशीर म्हणजे नकार नव्हे. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांना पाच मुलं आहेत.

सप्टेंबरात ममा बिबीशचा फोन आला होता. कोणी एक बाई फाटकाशी आली होती, असं काहीतरी म्हणाली. फोन नीट लागत नव्हता. नंतर मी तिथल्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, परदेशी कुटुंबाचा वास लागला की अशा बायका येतात, तुम्ही लक्ष देऊ नका. मी लक्ष दिलेलं नाही. तुला सहज लिहिलं.

तुझ्याकडे थंडी कशी आहे?

नेल


हॉलम
१७ मे २०१५

प्रिय मार्ला,

फोन नीट लागला होता.

हे वाक्य लिहायला मला सहा महिने लागले. पुढचं सगळं एका दमात लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

ममा बिबीशचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता. ती म्हणाली, “एक बाई आलीये. ओडेट नाव आहे. म्हणते, ही माझी मुलं. मेरवेयने तिला फाटकातून बघितलं आणि पायरीवरून उठून चालत गेली. धावली नाही, चालत गेली. आणि तिच्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली. आता मी काय करू ते सांग.”

मी म्हटलं, आवाज येत नाहीये. दोनदा म्हटलं, आणि फोन ठेवून दिला.

आणखी आहे. पाच आठवडे तिथे होते तेव्हा एकदा मेरवेय फाटकाकडे बोट दाखवून बरंच काही बोलली होती. मी ममा बिबीशला विचारलं, काय म्हणते? ती म्हणाली, “ती म्हणते, ममा मासे आणायला गेलीये. ममाच्या अंगाला धुराचा वास येतो.” मी म्हटलं, लहान मुलं काहीही बोलतात. ममा बिबीश म्हणाली, “हो, बोलतात.” आणि त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. हे मी तुला गेल्या वर्षीच्या मार्चमधल्या पत्रात लिहिलं नाही. आर्लिनला सांगितलं नाही. प्रार्थनेत देवालाही सांगितलं नाही, जणू त्याला ते माझ्याकडूनच कळणार होतं.

तू त्या दिवशी टेबलावर एवढंच विचारलं होतंस, “त्यांची आई कशाने गेली?” मी म्हटलं, कागदावर मृत लिहिलंय. तू म्हणालीस, “कशाने, ते विचारतेय मी. कागद कोणी लिहिला?” तू वीस वर्षं नर्स आहेस. माणूस कशाने गेला हे तू विचारणारच. आणि मी तुला काय म्हटलं ते तुला आठवत असेलच, पण ते माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असायला हवं. मी म्हटलं, देवाने तुला तीन दिली, ती तू नुसती ओरडून वाढवलीस, त्यातलं एकही सुट्टीत घरी यायला बघत नाही; मग कोणाला आई म्हणायचं हे तू मला शिकवू नकोस.

तू नॅपकिनची घडी घातलीस आणि उठलीस. ती घडी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

माफी मागते. उत्तरादाखल काही लिहायला हवं असं नाही.

आर्लिनला अजून माहीत नाही. तो तान्ह्या बाळांसाठी मांडलेली वरची खोली मोडून मोठ्या मुलांची करतोय. दोन पलंग स्वतः बनवलेत. काल पॉलिश करत होता. मी दारात उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, छान झालेत.

नेल


किन्शासा
३ मार्च २०१६, गुरुवार

प्रिय मार्ला,

तुझ्या पत्रात दोनच शब्द होते, ‘आर्लिनला सांग’. ते पाळायला मला नऊ महिने लागले.

फेब्रुवारीत परवानगी सुटली. यादी आली, यादीत आमची दोन्ही नावं. ग्लॅडिसने चर्चची घंटा वाजवली, मधल्याच वारी. लोक पाईचे डबे घेऊन आले. आर्लिन अंगणात उभा राहून प्रत्येकाला मिठी मारत होता. तो माणूस बैलाला मिठी मारतो, माणसांना नाही. सगळे गेल्यावर मी गोठ्यात गेले आणि त्याला सांगितलं. त्याने दूध काढायचं यंत्र बंद केलं. “कधीपासून माहीत आहे?” म्हणाला. मी म्हटलं, दीड वर्ष. त्याने यंत्र परत सुरू केलं आणि शेवटच्या गायीपर्यंत काम पुरं केलं. मग म्हणाला, “तू एकटी जा. मी आलो तर त्या पोराला उचलून सरळ विमानात बसेन, मला माहीत आहे. तू जा, बघ, आणि जे बघशील ते मला खरं सांग. या वेळी खरं.”

तिकिटं शनिवारची आहेत. तीन.

वकील मंगळवारीच कागद घेऊन आले. दोन पासपोर्ट, त्यात पाच वर्षांची असतानाच्या फोटोतली मेरवेय आणि कोणाचंही बाळ वाटेल असा एग्झोसे. ते म्हणाले, त्या बाईला भेटू नका, कायद्याने तिचा काही संबंध नाही, मुलं तुमची आहेत. ते खोटं बोलत नव्हते. मी त्या बाईला भेटले नसते तरी कोणी मला अडवलं नसतं, हे तुला कळायला हवं. मला कोणी भाग पाडलेलं नाही.

काल दुपारी ती आली. ममा बिबीशने अंगणात तीन खुर्च्या मांडल्या आणि मुलांना शेजारी पाठवलं. ओडेट माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. बारीक आहे. इस्त्री केलेला पिवळा पोशाख, हातात पिशवी. पिशवीत माझ्यासाठी केळीच्या पानात बांधलेले धुरावर वाळवलेले मासे होते. ती धंदाच तो करते. धुराचा वास खरंच येतो.

तिची हकिकत साधी आहे. नवरा वारल्यावर मुलांना दिराकडे ठेवून ती माल घेऊन अंगोलाच्या सीमेवरच्या बाजाराला गेली. तिथे रक्ताची उलटी झाली. क्षयाच्या वॉर्डात सात महिने होती. निरोप पाठवले, ते पोचले की नाही कोणास ठाऊक. दिराची स्वतःची सहा. त्याने यांना आश्रमात नेलं, आणि तिथे अर्ज लिहिणाऱ्याने आईपुढे मृत लिहिलं. दिराला वाचता येत नाही. ती परत आली तेव्हा त्याने सांगितलं, मुलं गोऱ्यांच्या शाळेत आहेत, मोठी होऊन येतील. कुठली शाळा ते त्याला सांगता येईना. ती वर्ष-दीड वर्ष आश्रमांची फाटकं हिंडली. या फाटकाशी पोचली तो त्या फोनचा सप्टेंबर. तिथून पुढे दर रविवारी ममा बिबीश तिला मागच्या दाराने आत घेते. मला हे सांगताना ममा बिबीशने माझी नजर चुकवली नाही.

तू हिशेब केला असशीलच. परवानगी बंद झाली नसती तर मुलं त्याच्या आधीच्या नाताळात आयोवात असती. ओडेट या फाटकाशी आली असती तेव्हा आत कोणी नसतं.

मला वाटलं होतं, ती रडेल, पाया पडेल किंवा भांडेल. त्यातल्या कशालाही मी तयार होते. तिने विचारलं, “तुम्ही त्यांना काय हाक मारता?”

ममा बिबीशने प्रश्न परत सांगितला. मला सांगावं लागलं, कॅलेब आणि हॅना. तिने ती नावं तोंडात घोळवली, दोनदा, नीट म्हणता येईपर्यंत. का म्हणून विचारलं तर म्हणाली, “तिकडे गेलीच, तर रोज प्रार्थनेत कोणत्या नावाने मागायचं ते माहीत हवं. जुन्या नावाने मागितलं आणि देवाने भलत्याच पोराला दिलं तर?”

मग तिने एग्झोसेचं नाव कसं पडलं ते सांगितलं. मेरवेयनंतर तिची दोन मुलं गेली. म्हणून तिने उपास करून हा मागून घेतला होता. म्हणजे ऐकली गेली ती प्रार्थना तिची. मी ते नाव चर्चमध्ये उभी राहून आपलं म्हणून सांगितलं होतं, आणि वर बदलायलाही निघाले होते.

मी तिला बुधवारांबद्दल सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही, पण खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. दर बुधवारी आमच्या गावातली माणसं तळघरात बसून परवानगीसाठी देवाला विनवतात, हे ममा बिबीशने भाषांतर करून सांगितलं. ओडेट ऐकत राहिली. मग म्हणाली, “माझी शुक्रवारची सभा. आम्ही तिथे सगळ्या मिळून म्हणायचो, देवा, तो कागद पुरा होऊ देऊ नकोस. साहेबाचं पेन हरवू दे. साहेबाला बदलीवर पाठव.” आणि मग, “बुधवारी तुम्ही, शुक्रवारी आम्ही. बिचाऱ्या देवाचा गुरुवार कसा गेला असेल.”

ममा बिबीश हसली. मीही हसले, मार्ला. आणि हसताहसता मला हुंदका फुटला. ती बाई उठली आणि तिने माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं. धुराचा वास, इस्त्रीचा वास. तिने मुलं मागितली नाहीत. एकदाही मागितली नाहीत. मी ज्या क्षणाची वाट बघत होते, ज्यात मला नाही म्हणता आलं असतं, तो तिने येऊच दिला नाही.

मुलं परत आली. एग्झोसेने आम्हा दोघींकडे बघितलं आणि पळत जाऊन ममा बिबीशच्या पाठीमागे लपला. त्याची आई म्हणजे ती. आम्ही दोघी पाहुण्या. मेरवेय मात्र सरळ ओडेटच्या खुर्चीला टेकून उभी राहिली, आणि मला पहिल्यांदाच तिचा चेहरा फाटकाकडे न वळलेला दिसला.

आज आर्लिनला फोन करायचाय. त्याला खरं सांगायचंय. पण मी खोलीतल्या दोन पासपोर्टांकडे बघते, आणि तुला लिहिते, शनिवारला अजून दोन दिवस आहेत. मी कोणत्या जातीची बाई आहे, ते मला या दोन दिवसांत कळेल.

नेल


हॉलम
२४ एप्रिल २०१६

प्रिय मार्ला,

तुझे फोन आले. मी उचलले नाहीत. आर्लिनने थोडंफार सांगितलं म्हणे. उरलेलं मी सांगते.

त्या गुरुवारी मी त्याला सगळं सांगितलं. पानातले मासे, शुक्रवारची सभा, सगळं. तो इतका वेळ बोलला नाही की मला वाटलं फोन खरंच तुटला. मग म्हणाला, “मुलगा कसा दिसतो?” मी सांगितलं, उंच झालाय, कान मोठे आहेत. तो म्हणाला, “बरं.” आणि मग, “ती आपली नाहीत ना, नेल?” मी म्हटलं, नाहीत.

शनिवारचं विमान मी जाऊ दिलं. वकील माझ्याशी बोलेनासे झाले. दत्तक रद्द करायला परत कोर्टात जावं लागतं. तीन आठवडे लागले. यात मात्र कोणी उशीर केला नाही. न्यायाधीश म्हातारे होते, चष्मा कपाळावर. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग विचारलं, मुलांशी तुमचं नातं काय? ममा बिबीशने एवढ्या एका प्रश्नाचं भाषांतर केलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. पण मला तो कळला होता. मी म्हटलं, “आई. कागदावर.” त्यांनी लिहून घेतलं आणि त्याच कागदाखाली माझी सही घेतली.

मुलांचा निरोप घ्यायचं मी ठरवलं होतं, पण तसं काही झालं नाही. ओडेट त्यांना घेऊन निघाली तेव्हा एग्झोसेने फाटकाचा गज धरून हंबरडा फोडला, आणि तो ममा बिबीशसाठी होता. तिने स्वतः त्याची बोटं एकेक करून सोडवली. रस्त्याच्या वळणापर्यंत तो ओरडत होता. मेरवेयने त्याचा दुसरा हात धरला होता, तिने मागे वळून बघितलं नाही. बघावं असं मला वाटलं होतं. ते गेल्यावर ममा बिबीश धुणं घेऊन बसली. मी तिच्याशेजारी बसून चादरीचं दुसरं टोक पिळलं. ती माझ्या मनगटांबद्दल काही बोलली नाही.

इथे लोक चांगले वागतात, तेच सोसवत नाही. तान्या म्हणाली, देव तुला दुसरी देईल. एकीने मला बाजूला घेऊन विचारलं की तिकडे पोटभर जेवण तरी मिळतं का त्यांना, मग आणलं असतंस तर काय बिघडलं असतं? हाच प्रश्न माझ्याही मनात रोज सकाळी येतो. ओडेटकडे वीज नाही. मेरवेय शाळेत जाईल की मासे विकेल, मला माहीत नाही. एग्झोसेला पुन्हा ताप आला तर मला कोणी कळवणार नाही, आणि कळवावं असं काही कारणही नाही. मी बरोबर केलं असं मला वाटतं. पण त्यामुळे काहीही हलकं झालेलं नाही. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आर्लिन माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणतो, परवानगी थांबली ते मी सोसलं, पण तू दीड वर्ष लपवलंस आणि माझ्यासमोर पलंगांना छान म्हणालीस, ते अजून सोसायचंय. पलंग त्याने मोडले नाहीत. वरच्या खोलीचं दार उघडं ठेवतो, म्हणतो बंद केलं तर लाकडाला वास लागेल.

तू यायचं म्हणतेस. ये. फक्त काही घेऊन येऊ नकोस. खायला तर मुळीच नको. आणि तुझं पहिलं वाक्य ‘मी तुला आधी बजावलं होतं’ असं नसावं. तू तसं म्हणणार नाहीस, मला माहीत आहे. तुझ्याबद्दल इतकं सगळं मला नेहमीच माहीत होतं.

परत आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, चर्चहून येऊन आम्ही जेवायला बसलो. साडेतीन वर्षं आर्लिन जेवणाआधी एकच वाक्य म्हणत आलाय, देवा, आमची मुलं घरी आण. त्याने डोकं खाली घातलं. मी वाट बघत राहिले. बटाटे निवले. मला वाटलं, आता या घरात प्रार्थना होणार नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मग तो बोलला. म्हणाला, “देवा, ओडेटची मुलं घरी पोचली. ती तिथे सुखरूप राहू देत.” आणि आमेनसाठी माझ्याकडे बघत थांबला.

मला ते म्हणता आलं नाही. त्याने काटा उचलला आणि जेवायला सुरुवात केली. सोमवारी तो तेच म्हणाला, मंगळवारीही. बुधवारी तळघरात कोणी जमलं नाही.

गुरुवारी दुपारी मी आमेन म्हटलं.

तुझी,
नेल